रिमार्कमधलं धान

आमच्या गावात बँकेत आलेला कुठलाही पैसा धानाचाच असतो. म्हैस विकली, धान. भाच्याने पुण्याहून पाठवले, धान. शेतीच्या पैशाला कुणी काही विचारत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे माझी डिजिटल नाणी घेणाऱ्या माणसाने, पैसे पाठवताना रिमार्कमध्ये काय लिहू, असं विचारलं तेव्हा मी सवयीने सांगितलं, "धान लिहा." तेवढीच माझी चूक. बाकी कशाचीही माफी मी मागणार नाही.

मी बिरसीजवळ आमच्या घरी बसून परदेशातल्या मोबाईल गेमसाठी चित्रं काढते. पूर्वी मेहनताना बँकेमार्फत यायचा. दर वेळी कुठेतरी अडकायचा आणि मधले लोक आपापला वाटा कापून घ्यायचे. डिजिटल नाण्यांत तो बसल्या जागी मिळू लागला. ती नाणी ॲपवर कुणाला तरी विकायची आणि रुपये खात्यात घ्यायचे. खातं माझं आणि आईचं, बाबा गेल्यावर दोघींच्या नावाने काढलेलं. आईने विकलेल्या धानाचे चुकारेही त्यातच जमा होतात.

ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर ते खातं गोठवलं गेलं. माझी नाणी घेणाऱ्यावर दूरच्या कुठल्या राज्यात फसवणुकीची तक्रार झाली होती, आणि त्याने ज्यांना पैसे पाठवले त्या सगळ्यांच्या खात्यांना कुलूप लागलं. चिखलणीचा ट्रॅक्टर शेतातल्या बांधीत उभा आणि आईला स्वतःच्या धानाचा पैसा काढता येईना.

गोंदियाच्या शाखेतले साहेब वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. "मॅडम, ये कॉइन-वॉइन सब जुआ है," ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, या जुगारावर सरकार माझ्याकडून तीस टक्के कर घेतं आणि तो याच खात्यातून जातो. कर घेताना माझा पैसा चोख आणि मी काढायला आले की चोरीचा, हे कसं? ते हसले आणि आवाज खाली आणून मार्ग सुचवला. रिमार्कमध्ये धान आहेच. एखाद्या दलालाकडून धान विकल्याची पावती आणा, आईची सही घ्या, मी वर पाठवतो, खातं लवकर सुटेल.

दलाल गावातलाच, पावती द्यायला एका पायावर तयार. शेजारीण म्हणाली, "धान म्हन अन् मोकरी हो न वं." माझं डोकं फिरलं. डोळे फोडून काम मी केलं, कर मी भरला, आणि आता त्या कमाईला दुसरंच नाव द्यायचं? पण रोवणी आईची होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढले होते, आणखी थांबले असते तर वाया गेले असते. माझ्या ताठ मानेचा भुर्दंड तिने का सोसावा? मी तिला म्हटलं, तू म्हणशील तसं करू. ती दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्यामागे स्कूटीवर बसली.

साहेबांनी तिला चहा सांगितला. कागद तयारच होता. "माताजी, धान ही बेचा था ना? बस, यहाँ साइन कर दीजिए."

आईने कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि परत सरकवला.

"थो धान नोहोय, साहेब. माया धान मी कापला, मले मालूम नाही का? हे पोरीनं चित्र काढून कमावलं. तिचं काम धानाच्या नावावर काऊन लिहू?"

"फिर महीनों लगेंगे, माताजी. रोपा कैसे लगाओगे?"

"भिशी उचलीन."

साहेबांनी कोरा कागद दिला. चित्रांचा मोबदला डिजिटल नाण्यांत मिळाला, ती विकून हे पैसे आले, आणि रिमार्क माझ्या सांगण्यावरून चुकीचा पडला, असं मी स्पष्ट लिहिलं. खाली आम्ही दोघींनी सही केली.

आमच्या बायकांच्या भिशीत नंबर नसताना पैसे उचलायचे तर कारण सगळ्यांसमोर सांगावं लागतं. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात वीसेक बाया बसल्या होत्या. पोरीचं बँकेत काहीतरी लफडं झालं, हे तोवर गावभर झालेलं. एकीने विचारलंच, "पैसा अडकला कायले?" माझी मान खाली गेली, हे कबूल करते. आजवर मी काय करते असं कुणी विचारलं की आई, "कॉम्प्युटरवर काहीतरी," म्हणून विषय टाळायची. मला वाटलं, आताही तेच म्हणेल.

आई उभी राहिली. "माई पोरगी चित्र काढते. इथंच, घरी बसून. बाहेरच्या देशातले लोक तिले मोबाईलमधल्या नाण्यांत पैसे देतात. थेच पैसे बँकेनं अडवले. थे चोरीचे नोहोत, अन् धानाचेही नोहोत. तिचे होत. आता द्यायची तं द्या भिशी."

खातं अजून बंदच आहे. रोवणी वेळेवर झाली.