चादरीमागची गाडी

माझा स्वभाव मुळात संशयी. कुणी जास्त गोड बोललं की मी आधी पर्स चाचपते. त्यामुळे पत्रकारितेच्या वर्गात ‘साध्या माणसांचे चेहरे टिपून आणा’ असं काम मिळालं, तेव्हाच मला कळलं होतं की लोक आपल्याला दारात उभं करणार नाहीत. बाकीच्यांना वाटत होतं, कॅमेरा बघून सगळे हरखून जातील.

शहागंजात एका भिंतीला लागून एका मावशींची हातगाडी असायची. नाडे, पिना, सुया, केसांची रबरं. चेहरा असा करारी की बघताक्षणी मी ठरवलं, हाच. वर्गातला एक मित्र सोबत होता. उजेड कसा पडतोय ते बघायला मी लांबूनच एक फोटो घेतला. त्यात सगळं आलं: मावशी, गाडी, भिंत, शेजारच्या दुकानाची पाटी.

मावशी तरातरा आल्या. “कुणी धाडलं तुला? अतिक्रमणवाल्यांची हायेस का?”

“नाही मावशी, कॉलेजची आहे.”

“मागल्या बारीलाबी एक जण असाच आलता. गोड बोलून फोटू काढले, अन् मागनं गाड्या उचलायला ट्रक आला. पुस तो आधी.”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्या गाडीवर चाललेलं. ती जागा गेली तर सगळंच गेलं. मी त्यांच्यासमोर फोटो पुसला. तरी त्यांनी शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला हाक मारली. “बघ रे, खरंच गेला का? ह्यांचा काय भरोसा?”

तो म्हणाला, “पुसलेलाबी परत काढता येतो मावशी. वरून दुसरं काही भरलं तरच कायमचा जातो.”

झालं! माझं डोकं सणकलं. चोर समजतात का मला? मी कार्डावरचे सकाळपासूनचे सगळे फोटो उडवले आणि कॅमेरा रस्त्याकडं धरून कार्ड गच्च भरेपर्यंत व्हिडिओ काढत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला, दुसरं काही नाही. मित्र कपाळाला हात लावून बसला होता. मावशी शेवटपर्यंत पहारा देत उभ्या होत्या.

मग एकदम निवळल्या. “काढ आता माझा. पण गाडी दिसायची नाय. भिंतबी नाय.”

मित्रानं दुसरं कार्ड दिलं आणि बॅगेतली पांढरी चादर मावशींच्या मागं धरली. फोटो झकास आला. हनुवटी वर, डोळ्यांत तोच अविश्वास. वर्गाच्या प्रदर्शनात सरांनी सगळ्यांना तो बोट दाखवून समजावला. एक मोठी प्रत मी मावशींना नेऊन दिली.

पुढं रस्ता रुंद करताना तिथल्या सगळ्या गाड्या उठल्याच. मग बातमी आली की नव्या जागेत ओटे मिळणार, पण तुम्ही आधीपासून त्या जुन्या जागी बसत होता ते दाखवा. कुणाच्या मोबाइलमध्ये सेल्फी निघाला, कुणाचा ईदच्या गर्दीतला फोटो. एके दुपारी मावशी आमच्या विभागाच्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तीच मोठी प्रत.

“ह्यात मी हाय. गाडी कुठंय? पालिकेतला साहेब म्हणतो, ही बाई कुठंबी उभी असंल.”

“मावशी, गाडीचा आपण पुसला ना. तुमच्यासमोरच.”

“मला नको सांगू. तुम्ही लोक पुसत नसता. ठिवला असशील की गं एखादा कुठंतरी.” हे त्या भांडायला म्हणत नव्हत्या. आवाजात विनवणी होती. मी त्यांना फसवलेलं असावं, एवढीच एक आशा त्यांच्याकडं उरली होती. आपण खोटारड्या असतो तर किती बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

‘नाही’ म्हणवेना. “बघते,” म्हणाले.

ओटे अजून वाटलेले नाहीत. मावशींचा फोन येतो. “घावला का गं?”

“शोधतेय, मावशी.”

“बरं पोरी,” म्हणतात आणि फोन ठेवतात. माझं खरं त्यांना कधी पटलं नाही. या खोट्यावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास आहे.