भिंगावरची लांब नळी

भिंगावर आडवं ऊन पडलं की फोटो पांढुरका येतो, म्हणून भिंगापुढे एक नळी लावतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला ती नव्हती. थोरल्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा ती आणायला मी मुंबईला गेलो. सोबत माझा जिवलग मित्र होता. कर्जत स्टेशनाजवळ त्याचं फोटोचं दुकान होतं, आणि फोटो काढायला मला त्यानेच शिकवलं होतं.

दुकानदाराने दोन नळ्या पुढे ठेवल्या, एक आखूड आणि एक लांब. मी आखूड उचलली. मित्र म्हणाला, "लांब घे रं. जेवडी लांब तेवडी सावली जास्त." त्याचा शब्द म्हणजे मला ब्रह्मवाक्य. लांब घेतली.

लग्न दहिवलीला, आमच्या दारातच झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगणात उभं केलं. आई काही पुढे येईना. "मी विधवा बाई, शुभकार्यात माजं काय काम?" मीही हट्टाला पेटलो. तिचा एकही फोटो नव्हता. शेवटी म्हणाली, "बरं, पन कडंला उभी रानार." म्हटलं, कडेला तर कडेला.

कॅमेऱ्यातली काच धुतली, तिच्यावरून कागदावर फोटो छापला. चारी कोपरे काळेकुट्ट. मधली मंडळी झकास आली होती, व्याही तर मिशांसकट. कडेला आईचं खांद्यापासून वरचं सगळं त्या काळोखात गेलं होतं.

फोटो घेऊन तडक मित्राकडे गेलो. त्याने तो उजेडात धरला. जरासुद्धा चकित झाला नाही.

"लांब नळी कोपरे खातेच. ठावं हाय मला."

"मग बोलला का नाय?"

"लग्नाच्या फोटोंची कामं तूच घ्याया लागलास, तर मी काय माश्या मारू?"

केसाने गळा कापला त्याने. वैऱ्याने केलं असतं तर मी सोसलं असतं.

पुन्हा फोटो काढू म्हणून आईच्या मागे लागलो. "एकदा काडलास ना," म्हणायची. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली.

दहाव्याला मित्र आला. डोळे पुसले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "तिचा एक फोटो लाव रं हितं."

मी आतून तोच फोटो आणून त्याच्या हातात दिला.

"पदर धरलेला हात हाय बघ त्यात," म्हटलं. "तोंड तेवडं तू आणून दे."