सहाव्या पायरीआधी गेलेला फोन

माझ्या ताईला मी लहानपणी ‘उलटतपासणी’ म्हणायचे. गॅस बंद केल्यावर जिना उतरून ती पुन्हा वर जायची, बटणाला हात लावून बघायची आणि मगच शाळेला निघायची. तिच्यापायी शाळेत उशीर होऊन मीही किती वेळा बोलणी खाल्ली, आणि तिच्या नावाने किती बोटं मोडली! अशा बाईच्या हातून काम अर्धवट राहील असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शहराच्या रुग्णवाहिका केंद्रात ताई कॉम्प्युटरची खोली सांभाळायची. तिथे तीन मोठे सर्व्हर आणि त्यांच्या पोटात चाळीसेक मशिनं. या मशिनांना ना पत्रा ना वायर, सगळा सॉफ्टवेअरचा संसार. त्यांच्यावर एक पहारेकरी प्रोग्राम नेमलेला. एखादा सर्व्हर बसला, म्हणजे बंद पडला, की त्याच्यावरची मशिनं तो लगेच उरलेल्या दोघांवर उठवतो, पुन्हा सुरू करतो. पण त्याच्याकडे एक यादी असते, आणि यादीत नाव नसलेल्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

“दुरुस्तीच्या वेळी हाच पहारेकरी नडतो,” ताई सांगायची. “आपण मशीन बंद केलं की याला वाटतं ते मेलं. मग हा ते दुसरीकडे उठवून मोकळा, आणि आपले हात अजून त्याच्या पोटात!” म्हणून आधी नाव यादीतून काढायचं. तेही जपून, कारण चुकीचं बटण दाबलं तर नावाबरोबर मशीनही पुसलं जातं. तिने कॅलेंडरच्या पाठीवर सात पायऱ्या लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या. सहावी होती, नाव पुन्हा यादीत घालणं. सातवी, ते घातल्याचं दुसऱ्याकडून बघून घेणं.

त्या दिवशी दुपारी ती गाड्यांच्या नकाशाचं मशीन दुरुस्त करत होती. कुठली गाडी कुठे आहे, कुणाला जवळ पडेल, सगळं त्या एका मशीनवर. पाचवी पायरी झाली, मशीन सुरू झालं, आणि तेवढ्यात माझा फोन गेला.

“आई बाथरूममध्ये पडलीय. आहेस तशी निघ.”

आता खरं सांगते. आई पडली नव्हती. तिचा पाय घसरला, तिने नळ धरला, आणि मी फोन केला तेव्हा ती खुर्चीत बसून चहा पीत होती. पण आईची औषधं, आईचे डॉक्टर, आईची चिडचिड, सगळं माझ्याच गळ्यात. ताई आपली रविवारी येणार, फळं ठेवणार आणि जाणार. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. एकदा तरी हिने धावत यावं असं वाटलं, बाकी काही नाही.

ती आली. चपलांसकट आत शिरली, आईच्या गुडघ्यांवरून, कोपरांवरून हात फिरवला. आई “अगं, काही झालं नाही” म्हणाली, ते आपल्याला धीर द्यायला असं ताईला वाटलं, आणि ती मला म्हणाली, “बरं केलंस बोलावलंस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यादीबाहेर राहिलेलं मशीन दिसायला अगदी धडधाकट असतं. तिच्या सहकाऱ्याने स्क्रीनवर नजर टाकली, नकाशा चालू होता, तो निर्धास्त झाला. साडेचारला एक सर्व्हर बसला. त्याच्यावरची बाकीची मशिनं दोन मिनिटांत दुसरीकडे उठली. नकाशा उठला नाही. का उठला नाही ते कळून हाताने उठवेपर्यंत अकरा मिनिटं गेली, आणि तोवर फोनवरच्या मुली प्रत्येक गाडीला विचारत, कागदावर लिहीत बसल्या होत्या. एका शिंपीकाकांच्या छातीत दुखत होतं. त्यांच्याकडे गाडी नऊ मिनिटं उशिरा पोचली. ते वाटेतच गेले. गाडी वेळेवर गेली असती तरी ते वाचले असतेच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईला त्याने काडीचाही धीर आला नाही.

चौकशीत तिला विचारलं, काम टाकून का गेलात? ती म्हणाली, “घाई होती. चूक माझी.” आईचा विषयही काढला नाही. घरी मला म्हणाली, “आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आपल्यामुळे झालं असं वाटून झुरेल ती.” तिला त्या खोलीतून काढून सामानाच्या कोठारात बसवलं.

चार महिने मी हे पोटात ठेवलं. मग एका सकाळी तिच्या घरी जाऊन सगळं ओकून टाकलं. ती भाजी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सहावी पायरी माझी होती. फोन खरा असो की खोटा, दोन मिनिटं थांबून मला ती करता आली असती.” तिने माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने फक्त पुढची जुडी उचलली.

आई आता बरी आहे. पण गेल्या महिन्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, तिला एकाएकी धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. मी रुग्णवाहिका बोलावली आणि लगेच ताईला फोन लावला.

“ताई, आईला श्वास घेता येत नाहीये.”

पलीकडून ती म्हणाली, “आधी आईला फोन दे.”

मी फोन आईच्या कानाशी धरला. आईला बोलता येत नव्हतं. ताईने दोनदा “आई, आई” अशी हाक मारली, उत्तरादाखल नुसती धाप ऐकली आणि म्हणाली, “निघाले.”