छोट्या रुळावर दिसलेली वॅगन

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. अशा बातम्या मी न वाचता बाजूला टाकत असे. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

सध्या मी राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंग कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम बघतो. कापसाच्या गाठी ट्रकने शेजारच्या जिल्ह्यातल्या खासगी रेल्वे साइडिंगवर, म्हणजे माल भरण्याच्या फाट्यावर जातात आणि तिथे वॅगनमध्ये चढतात. साइडिंग चालवणाऱ्या छोट्या कंपनीने ग्राहकांना अॅप दिलं आहे. वॅगनवरचं यंत्र जागा कळवतं, नकाशावर हिरवा ठिपका दिसतो.

जिनिंगचा नियम असा, की गाठी दाबणाऱ्या प्रेसमधून निघालेली गाठ एक दिवस वेगळी ठेवायची. ठिणगी आत राहिली तर गाठ बाहेरून पांढरी दिसते आणि आतून धुमसत राहते. दुसऱ्या दिवशी तळहात लावून बघायचं, मगच लोडिंग.

त्या दिवशी मी नियम मोडला. वीस गाठी कमी पडत होत्या आणि चार वाजता इंजिन लागणार होतं. सकाळीच दाबलेल्या गाठी मी ट्रकवर चढवल्या. प्रेसवरचे सलीमभाई काहीतरी सांगायला आले होते... मी फोनवर होतो. हातानेच ‘नंतर’ म्हटलं.

दुपारभर चैन पडेना. तीनला अॅप उघडलं. ठिपका साइडिंगवर नव्हता. तो दारव्ह्याजवळ, बंद पडलेल्या छोट्या, नॅरोगेज लाइनच्या एका स्टेशनावर होता. खाली मराठीत एक ओळ – ‘एक दिवस थांबा’.

साइडिंगवर लोडिंग बघणाऱ्या राठोडकाकांना फोन लावला.

“काका, वॅगन कुठे आहे?”

“माह्या समोर उभी हाय. काहून?”

“अॅपवर दारव्ह्याकडे दिसतेय.”

ते हसले. “साहेब, मोठ्या रुळाची वॅगन छोट्या रुळावर कशी चढन? रात्री झोपले नाही का?”

“दार उघडून आजच्या गाठींना हात लावा.”

“सील लागलं ना आता!”

“तोडा. माझ्या नावावर तोडा.”

फोन चालूच होता. लोखंडी दाराचा आवाज आला, मग गाठी सरकवल्याचा.

“साहेब... एक गाठ लय तापली. हात ठेवू देऊन नाही राह्यली.”

हमालांनी ती गाठ ओढून मोकळ्या जागेत नेली. पट्ट्या तोडताच आतून धूर आणि पाठोपाठ जाळ निघाला. कुणाला इजा झाली नाही, वॅगन त्या दिवशी थांबवली. नाहीतर ती तासाभरात मालगाडीच्या मधोमध असती.

कंपनीने नोंदी तपासल्या. यंत्र दिवसभर साइडिंगवरच होतं. ठिपका नेटवर्कमुळे सरकला असेल, असं ते म्हणतात. ती ओळ आमची नाही, असंही म्हणतात. त्यांच्या अॅपमध्ये मराठी नाहीच. स्क्रीनशॉट मी त्यांना पाठवला आहे.

राठोडकाकांना ते स्टेशन आणि ती ओळ सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “माहा बाप सांगे, त्या स्टेशनचा मालबाबू ताजी गाठ एक दिवस धक्क्यावर ठेवल्याबिगर घेतच नव्हता.” याची खातरजमा मला करता आलेली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सलीमभाई माझ्या टेबलाशी आले होते. चेहरा उतरलेला.

“साहब, सकाळी प्रेसमध्ये ठिणगी उडालती. मी तेच सांगाले आलतो. दुसऱ्या कोणाले बोललो नाही... मंग तुमाले कोनं सांगितलं?”

मी अॅप उघडून त्यांच्यापुढे धरलं. ठिपका साइडिंगवर होता. खाली काहीच नव्हतं.