किल्ली कोणाकडे असते?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेवर मी काही लिहावं हा आगाऊपणाच आहे. शुद्धलेखनासकट सगळ्याची आधीच माफी मागतो. पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढ्या कचेऱ्या आहेत, त्या सगळ्यांत बाथरूमसाठी भांडलेली आमच्या मॅडमसारखी विदुषी दुसरी कोणी नसेल.

मॅडमचा विषय मानवी हक्क आणि स्त्रिया. त्यावर त्यांनी आयुष्य घालवलं, परिषदा गाजवल्या, जाडजूड लेख लिहिले. पण खरं संशोधन त्या पाण्याची बाटली घेऊन करायच्या. कचेरीच्या दारात उभं राहून घटाघटा पाणी प्यायच्या आणि आत जाऊन थेट साहेबाला विचारायच्या, "बायकांचं बाथरूम कुठे आहे?" साहेब शिपायाकडे बघायचा, शिपाई कुलपाकडे. मग किल्लीचा शोध सुरू व्हायचा. ती हमखास रजेवर गेलेल्या कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असायची. कल्याणच्या एका कचेरीत कुलूप उघडलं तर आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या. मॅडमनी त्यातलीच एक बाहेर ओढली आणि बाकीच्या निघेपर्यंत तिच्यावर बसून आमचे पेपर तपासले. त्या पेपरात मला कमी मार्क पडले ते त्यामुळेच, असं माझं अजून मत आहे.

वर्गातही त्या समानतेच्या कलमापासून निघायच्या आणि तास संपता संपता किल्लीपाशी पोचायच्या. "हक्क पुस्तकात असतो रे. किल्ली कोणाकडे असते ते विचारा." एकदा त्यांनी गृहपाठ दिला: घरातल्या बाईला विचारून या, ती दिवसभरात पाणी कधी पिते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे परीक्षेला येणार काय?"

"परीक्षेला नाही. तुला लग्नानंतर येईल."

माझी आई डोंबिवलीच्या एमआयडीसीत मसाला पॅकिंगला जाते. तिची बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची. मला वाटायचं, हिला तहानच कमी. विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. किल्ली सुपरवायझरकडे. सगळ्या पुरुषांसमोर मागायची, वर तो विचारणार, आत्ताच गेलेलीस ना? त्यापेक्षा नकोच." लघवीला जळजळ होते म्हणून गेली की डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगायचे. ती हो म्हणायची.

मी हे वर्गात अडखळत सांगितलं. मॅडमनी फक्त कारखान्याचा पत्ता घेतला. आई घाबरलीच. "अरे, माझी नोकरी घालवतोस काय? कॉलेज कशावर करणार मग?" शेवटी ठरलं, मॅडम आईला ओळख दाखवणार नाहीत; गिऱ्हाईक म्हणून जातील.

गेल्या, अर्थात पाणी पिऊन. मसाला घेतला आणि बाथरूम विचारलं.

"मॅडम, ते लेडीज वर्करचं आहे," सुपरवायझर म्हणाला.

"मग मी काय वेगळी दिसते? किल्ली आणा."

त्यानंतर त्या दर आठवड्याला जायला लागल्या. आई मान खाली घालून पाकिटं भरायची आणि घरी आल्यावर दोघांचीही नक्कल करून दाखवायची. मॅडमना चहापलीकडे काही करता येत नाही, त्यामुळे मटण मसाल्याची पाकिटं स्टाफरूमच्या कपाटात साचत गेली. संविधानाची पुस्तकं अजून खमंग वास मारतात. कुलूप मात्र तसंच होतं.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि कोपरीतलं घर आवरून साताऱ्याला बहिणीकडे गेल्या. निरोप समारंभात प्राचार्य त्यांच्या संशोधनाबद्दल बराच वेळ बोलले. त्या शाल सावरत माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईचं काम राहिलं रे."

मागच्या आठवड्यात आई कामावरून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "कुलूप काढलं."

"कोणी?"

"सुपरवायझरनेच. शेठने विचारलं, का रे काढलंस? तर म्हणतो, ती मसालावाली बाई बरेच दिवस आली नाही, म्हणजे आता कधीही येईल."

मी लगेच साताऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, "आतून कडी आहे का?"

मी आईकडे बघितलं.

"आहे म्हणावं," ओट्यापाशी रिकामी बाटली विसळत आई म्हणाली. "आणि म्हणावं, मसाला संपला असेल तर एकदा येऊन जा."