कोरडं वजन

“वीस आले, बाई! पुरे वीस!”

देवरावांनी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. त्यांच्या मागून कौसल्या आली. दारापासून खुर्चीपर्यंत यायला तिला मध्ये एकदा थांबावं लागलं. बसल्यावरही तिला पाठ टेकवेना. साडी नवी होती, चेहरा भरलेला होता. मी पेढ्यांकडे पाहिलं नाही, तिच्या पायांकडे पाहिलं. बोटांतली जोडवी मांसात रुतली होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन होते. “म्हणजे स्वयंपाकघर पाहता का?” असं लोक विचारायचे. मी हो म्हणायचे. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

देवराव इतवारीच्या बाजारात मिरचीच्या एका अडत्याकडे मापारी होते, म्हणजे आलेला माल काट्यावर तोलायचं त्यांचं काम. भिवापूरकडून मिरचीची पोती येत. वजन वाढावं म्हणून काही लबाड लोक मिरचीवर पाणी मारत. देवराव पोत्यात कोपरापर्यंत हात घालत आणि म्हणत, “ओला हाय. बाजूले ठेवा.” त्यावर कोणी वाद घालत नसे.

कौसल्या त्यांची बायको. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्यात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. मूलबाळ नव्हतं. काही महिन्यांपूर्वी धाप लागते म्हणून ती आमच्याकडे भरती झाली. असं हृदय रक्त नीट पुढे ढकलू शकत नाही, मग अंगात पाणी साचतं. आमच्या सरांनी, म्हणजे मेडिसिनच्या मोठ्या डॉक्टरांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. मी तिचं मीठ बंद केलं. धाप कमी झाली. घरी जाताना तिचं वजन छत्तीस किलो होतं.

“झडपेचं ऑपरेशन मुंबईला होईल,” सर देवरावांना म्हणाले. “पण ही फार अशक्त आहे. आत्ता झेपणार नाही. अंगात थोडं भरू दे, मग मी चिठ्ठी देतो.”

देवराव तडक माझ्याकडे आले. “बाई, गल्लीतल्या बाया हिले पाप्याचं पितर म्हणतात. हिची तब्येत कधी होईन, सांगा.”

हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. तब्येत म्हणजे प्रकृती. पण ‘तब्येत झाली’ म्हणजे माणूस जाड झाला, आणि ‘तब्येत उतरली’ म्हणजे वाळला. एकाच शब्दात आपण आरोग्यही भरतो आणि चरबीही. माझा निम्मा जन्म हे वेगळं करून सांगण्यात गेला, आणि लोकांनी मान डोलावून आपलंच खरं केलं.

तेव्हा माझ्या भिंतीवर उंची-वजनाचा नवा तक्ता लागला होता. आज ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, तोच हिशोब. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. कौसल्याची उंची दीड मीटर. दीड गुणिले दीड, सव्वादोन. छत्तीसला सव्वादोनने भागलं की सोळा येतात. तक्त्यावर वीस ते पंचवीस ठीक होतं, सोळा फारच कमी.

देवराव आकडेमोडीत पक्के. त्यांनी तोंडीच हिशोब केला. “म्हंजे पंचेचाळीस किलो झाली की वीस. मंग मुंबई.”

“हळूहळू,” मी म्हटलं. “डाळ, दूध, अंडी खाऊन. आणि गोळी चुकवायची नाही. पायावर सूज दिसली, वजन भराभर वाढलं, तर लगेच इकडे यायचं.”

“हो बाई, हो,” ते म्हणाले. त्यांचे डोळे तक्त्यावर होते.

आणि आता वीस आले होते. मी कौसल्याला विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?”

ती नवऱ्याकडे बघू लागली. तेच म्हणाले, “थांबवल्या बाई. मी दुकानाच्या काट्यावर तोलत होतो न हिले. गोळी घेतली का वजन उतरे. नाई घेतली का वाढे. मी म्हटलं, ही गोळीच तब्येत होऊ देऊन नाई राहिली.”

मी सरांना बोलावलं.

“मागचं वजन?”

“छत्तीस.”

“आज?”

“पंचेचाळीस.”

सरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. “भरती करा,” ते म्हणाले.

देवराव चिडले. “भरती काहून? तुमच्याच तक्त्यावर वीस हायेत. मुंबईची चिठ्ठी द्या!”

सर वॉर्डकडे निघाले होते. सांगायचं काम माझ्यावर आलं. झडप, पाणी, दाब, सगळं सांगून झालं. ते पुन्हा तक्त्याकडे बोट दाखवत राहिले. शेवटी मी म्हटलं, “देवराव, मिरचीवर पाणी मारलं तर वजन वाढतं. मिरची वाढते का?”

त्यांचं बोट खाली आलं. मग बायकोसमोर उकिडवे बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. त्यांनी दुसऱ्या पायावर दाबला. तिथेही पडला. ते कितीतरी वेळ त्या खड्ड्यांकडे बघत होते. पेढे तसेच टेबलावर होते.

वॉर्डात सुया सुरू झाल्या. पाणी उतरू लागलं, वजन घटू लागलं. देवराव रोज सकाळी विचारत, “आज किती उतरलं?” घटलेला आकडा ऐकून त्यांना बरं वाटे. इतक्या कष्टाने जमवलेलं वजन आता ते एकेक किलोने जाऊ देत होते.

एकदा कौसल्या एकटी होती तेव्हा मी विचारलं, “पायावर सूज तुला दिसत नव्हती का गं?”

“दिसे न, बाई. दमबी लागे.” ती थांबत थांबत बोलत होती. “पण काट्यावर वजन पाहून ते असे हासत! लगन झाल्यापासून त्याइले तसं हासतांना पाह्यलं नोतं मी. गल्लीतल्या बाया म्हणत, तब्येत झाली वं तुही. ऐकून त्याइच्या अंगावर मूठभर मास चढे. मी कसं सांगू?”

तिच्या उशाशी बिनमिठाचं वरण होतं, ते मी तिला भरवलं. चव नव्हतीच त्याला. तिने मुकाट खाल्लं.

सूज बरीचशी ओसरली, आणि आम्हाला वाटलं की ही निभावली. मग छातीत न्यूमोनिया झाला. ते हृदय आधीच थकलेलं होतं. सरांनी हातात होतं ते सगळं केलं. कौसल्या गेली. मी वॉर्डाच्या मोरीत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन दुपारच्या जेवणाच्या ट्रॉल्या सोडल्या.

तेरावं झाल्यावर देवराव आले. मुंडण केलेलं, डोक्यावर टोपी. मला वाटलं, माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खुर्चीवर बसले नाहीत.

“एक विचारायचं होतं, बाई. पाणी सोडून तिचं वजन किती होतं? कोरडं?”

मी आठवून सांगितलं, “चौतीसच्या आसपास.”

त्यांनी मान हलवली. “हजारो पोते पाह्यले मी. ओला माल हाताले कळते मले. घरचाच नाई कळला.” मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहून म्हणाले, “चौतीसचीच राह्यली असती तरी चाललं असतं मले.”

आणि ते निघून गेले. इतवारीत नंतर कधी जाणं झालं, तरी मिरचीच्या गल्लीत मी वळले नाही.

तो हिशोब वाईट नाही. मी निवृत्त होईपर्यंत वापरला. एका गणितज्ञाने तो काढला होता, डॉक्टरने नव्हे. वजन किती एवढंच त्याला कळतं. ते हाडाचं, मांसाचं, चरबीचं की पाण्याचं, हे त्याला कळत नाही. ते आपण बघायचं असतं. म्हणून भागाकार करण्याआधी मी पेशंटची नडगी दाबत असे. अजूनही लग्नाकार्यात कोणी कौतुकाने “तब्येत झाली हो तुमची!” म्हणालं, की सगळे त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि मी तिच्या पायांकडे.