रिकामं शेत

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, आणि त्यानंही आमचं विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात पवनीजवळच्या आमच्या शेतात काकू आणि चार बाया लाखोळी डाळीचं पीक उपटत होत्या. दुपारी एक लहान विमान डोक्यावर घिरट्या घालू लागलं आणि बघता बघता खाली आलं. बाया जीव घेऊन धुऱ्याच्या बांधापलीकडे पळाल्या. काकू पडली, तिचं कोपर सोलून निघालं. मी आणि शेजारच्या शेतातले चौघे धावत आलो, बायाही परतल्या.

पन्नाशीचा माणूस उतरला. आधी त्यानं चाकं पाहिली, पंखावरून मायेनं हात फिरवला, मग गॉगल पुसला. त्यानं सांगितलं, विमान मित्राचं होतं, ते तो स्वतः पहिल्यांदाच उडवत होता. त्यातली यंत्रं समजेनात, म्हणून वाट चुकला. एवढी वैनगंगा खाली वाहते, तिचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं.

"ऊपर से खेत खाली दिखा," तो हसत म्हणाला.

तरी काकूनं त्याला पाणी दिलं. पाणी पितानाच त्याचा फोन लागला. आम्ही दहाजण भोवती उभे असताना तो सांगत होता, "पता नहीं कहाँ हूँ. यहाँ कोई नहीं है."

माझ्या अंगाची आग झाली, पण काकूच आधी बोलली, "कोणीच नाही, त पाणी कोणं देल्लं रे तुले?"

त्यानं मला विचारलं, "ये क्या बोल रही है?"

मी हिंदीत शब्द न शब्द सांगितलं. त्यानं मान खाली घातली. माफी मात्र मागितली नाही, आणि मीही त्याला अजून माफ केलेलं नाही.